लाखेची चिंबोरी आणि आमचा शुक्रवार

उपवासकाळातील एका शुक्रवारची गोष्ट. सकाळची मिस्सा आटोपून आम्ही अँटॉप हिलच्या बाजारातून परत येत होतो. वाटेत आमच्याच धर्मग्रामातील एक भगिनी कोळिणीच्या पाटीपुढे बसलेली दिसली. आम्हाला पाहताच ती जराशी ओशाळून म्हणाली, "फादर, आज मांस वर्ज्य ना, म्हणून म्हटलं चिंबोऱ्या कराव्यात." आणि लगेच कोळिणीकडे वळून, "मावशी, लाखेच्याच द्या हं, पोकळ नकोत."

कोळिणीने पाठीवर तीन ठिपके असलेली एक समुद्री चिंबोरी उचलली, उताणी केली आणि अंगठ्याने पोटावरची रुंद झडप वर उचलून दाखवली. झडपेखाली नारिंगी अंड्यांचा गच्च गोळा चिकटलेला होता. आम्ही सहज विचारले, "मावशी, ही तर अंड्यांवरची. ही कशाला आणता?" तिने मान वर न करता उत्तर दिले, "फादर, तुमचीच मानसं लाख मागतात. नर आनला तर पाडून मागतात. मग आमी काय आनायचं?"

आम्हाला उत्तर सुचले नाही. पण हकीकत इथेच संपत नाही. त्या संध्याकाळी क्रुसाच्या वाटेची भक्ती झाल्यावर त्याच घरी आम्हाला जेवणाचे आमंत्रण होते. बॉटल मसाल्याचा लालभडक रस्सा पानात आला आणि आम्ही तो दोनदा वाढून घेतला. तेव्हा पुढे जे काही आम्ही लिहिणार आहोत, त्यातील पहिला आरोपी कोण आहे हे वाचकांनी आधीच ध्यानात घ्यावे. दुसऱ्याच्या पानाकडे बोट दाखवण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही.

आमचा वाद चिंबोरीशी नाही, तिच्या कालवणाशी तर मुळीच नाही. आमचा वाद आहे तो आपल्या एका समजुतीशी. समुद्रातून काय काढावे हा कोळ्यांचा प्रश्न, त्यावर बंधने घालणे हा सरकारचा प्रश्न, आणि आपण फक्त पैसे मोजून घेणारे, सबब निर्दोष, ही ती समजूत. ती खोटी आहे, असे आमचे म्हणणे आहे.

आपण राहतो ती भूमी कोणाची होती याचा विसर पडला आहे, म्हणून थोडे मागे जावे लागेल. आपल्या उत्तरेस असलेल्या कुर्ल्याचे नाव 'कुर्ली' या खेकड्यावरून पडले, असे परंपरेने सांगितले जाते. आपल्या शेजारच्या वस्तीस शीव-कोळीवाडा म्हणतात. कोकरी आगर या नावातला 'आगर' मिठागराची आठवण ठेवून आहे. पूर्वेला वडाळ्याची मिठागरे, त्यापलीकडे तिवरांची रांग, मग शिवडी आणि माहुलच्या मधला चिखलाचा विस्तीर्ण पट्टा. याच चिखलावर हिवाळ्यात हजारो रोहित पक्षी उतरतात आणि त्यांना पाहायला लोक दुर्बिणी घेऊन येतात. तो चिखल आतून जिवंत कोण ठेवतो हे मात्र फारसे कोणी पाहत नाही. खेकडे चिखलात बिळे करतात, त्या बिळांतून हवा आणि भरतीचे पाणी खोलवर जाते. तिवराची गळालेली पाने लहान खेकडे बारीक करून खातात आणि त्यांतून खाडीतल्या इतर जिवांचे अन्न तयार होते. खेकडा नाहीसा झाला तर फक्त आपला रस्सा नाहीसा होईल असे नव्हे. ज्या चिखलावर कोळंबीची आणि माशांची पिल्ले वाढतात, तो चिखलच रोडावेल.

आता या प्राण्याचे जीवन कसे चालते ते पाहू, कारण ते जाणल्याशिवाय योग्य काय आणि अयोग्य काय याचा निवाडा करता येत नाही. आपल्या बाजारात मुख्यतः दोन प्रकारच्या चिंबोऱ्या येतात. एक खाडीची, काळसर हिरव्या पाठीची, जाड नांग्यांची, जी दोरीने बांधून जिवंत विकली जाते. दुसरी उघड्या समुद्रातली, चपटी, पोहणारी. हिच्या पाठीवर कधी तीन ठिपके असतात, कधी निळसर नक्षी. ही जाळ्यात येते आणि बहुधा बर्फावर ठेवून विकली जाते.

खाडीची चिंबोरी तिवरांत वाढते. वाढताना ती वारंवार कात टाकते. कात टाकल्यावर काही दिवस तिचे कवच मऊ आणि आतले मांस पाणचट असते. 'पोकळ' चिंबोरी म्हणतात ती हीच. मादी वयात आली की तिच्या पोटात अंडाशय भरू लागतो. पाठीचे कवच उघडल्यावर दिसणारी नारिंगी 'लाख' ती हीच. लाख म्हणजे पुढच्या पिढीची शिदोरी. ती पूर्ण भरली की खाडीची मादी भरतीओहोटीच्या पाण्याबरोबर खाडी सोडून खोल समुद्राकडे निघते. तिथे अंडी बाहेर येऊन तिच्या पोटाच्या झडपेखाली चिकटतात. आधी ती पिवळी-नारिंगी असतात, मग तपकिरी होतात आणि फुटण्याच्या सुमारास काळपट दिसतात. एका मोठ्या मादीच्या पोटाखाली दहा लाखांहून अधिक अंडी असतात. त्यांतून निघालेली डोळ्यांनाही न दिसणारी पिल्ले समुद्रात अनेक रूपे बदलतात आणि त्यांतली मूठभर वाचलेली पुन्हा खाडीच्या तोंडाशी, तिवरांच्या मुळाशी येऊन चिखलात शिरतात.

इथे कोणी चतुर वाचक म्हणेल, "फादर, जिथे दहा लाख अंडी, तिथे एका मादीचा एवढा शोक कशाला?" उत्तर असे, की अंडी दहा लाख आहेत याचे कारणच मुळी हे, की त्यांतली जवळजवळ सगळी मरण्यासाठीच असतात. मासे, जेलीफिश, लाटा, घाण पाणी, या साऱ्यांचा वाटा देऊन जे दोन-चार जीव उरतात, त्यांच्यावर वंश चालतो. निसर्गाच्या हिशेबात हा सारा खर्च आधीच धरलेला आहे. फक्त एक खर्च त्यात धरलेला नाही: अंडी फुटण्याआधीच आईसकट सारा गोळा कढईत जाणे.

हे सांगणे काल्पनिक भीतीवर उभारलेले नाही. मुंबईच्या समुद्रानेच आम्हाला याचा दाखला देऊन ठेवला आहे. चिंबोरीचा एक चुलत भाऊ म्हणता येईल असा चपटा शेवंड, ज्याला व्यापारी सँड लॉब्स्टर म्हणतात, तो एके काळी मुंबईच्या ट्रॉलरांना चांगला सापडत असे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्याला परदेशी मागणी आली आणि दर वाढला. अंड्यांवरच्या माद्याही इतरांबरोबर पकडल्या गेल्या. त्यांना परत पाण्यात सोडण्याची ना कोणाला सक्ती होती, ना इच्छा. १९९४ पर्यंत मुंबईच्या पाण्यातली ही मासेमारी कोसळली. मत्स्यशास्त्रज्ञांनी या कोसळण्याची नोंद करून ठेवली आहे. एका पिढीच्या डोळ्यांदेखत, पंधरा-सोळा वर्षांत, आपल्या दारासमोरच्या समुद्रातून एका प्राण्याचा व्यापार उठला. याला कोणती वादळे वा भूकंप कारण झाले नाहीत. आईला अंड्यांसकट उचलण्याची सवय पुरेशी झाली.

आता आपल्या बाजूने ज्या सबबी पुढे केल्या जातात त्यांचा विचार करू. त्या सगळ्या आम्ही स्वतःही वापरलेल्या आहेत, म्हणून त्यांची आम्हाला चांगली ओळख आहे.

पहिली सबब: खरे गुन्हेगार मोठे आहेत. यात तथ्य आहे, आणि ते आम्ही लपवणार नाही. समुद्राचा तळ खरवडणारे ट्रॉलर, दिव्यांच्या झोतात होणारी मासेमारी, गटारांचे न शुद्ध केलेले पाणी, तेलाचे तवंग, तिवरांवर टाकलेले डेब्रिज, यांनी चिंबोरीचे जितके नुकसान केले तितके आपल्या साऱ्या धर्मग्रामाच्या कढयांनी मिळून केले नसेल. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर होऊन शेकडो टन तेल पाण्यात गेले होते आणि ते तिवरांच्या मुळांपर्यंत पोहोचले होते, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. तिवरे तोडू नयेत असा हुकूम मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली दिला आणि २०१८ साली तो अधिक विस्ताराने कायम केला, तरी भराव थांबला असे म्हणवत नाही. शिवडीच्या त्याच चिखलावरून आज २१.८ किलोमीटरचा सागरी सेतू नवी मुंबईकडे जातो. तो १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाला. त्यावरून आपणही आनंदाने जातो.

पण मोठ्यांच्या गुन्ह्यामुळे लहानांना मोकळीक मिळते, हा न्याय कुठला? सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना आम्हाला एक भेद शिकवला होता. दुसऱ्याच्या दुष्कृत्यातील सहभाग जवळचा असतो किंवा दूरचा असतो. समुद्राच्या तळावर ट्रॉलर काय करतो त्यातला आपला सहभाग दूरचा आहे, ही गोष्ट मान्य. पण पाटीपुढे बसून, झडप उघडून, अंड्यांचा गोळा पाहून, "हीच द्या" असे म्हणणे, याला दूरचा सहभाग म्हणता येईल का? तिथे तर आपणच यजमान आहोत. ट्रॉलरवाल्याला आपला आवाज ऐकू जात नाही. कोळिणीला मात्र तो स्पष्ट ऐकू येतो आणि दुसऱ्या पहाटे ती त्याप्रमाणे माल निवडते.

दुसरी सबब: चिंबोरी तर आधीच मेलेली आहे, आपण न घेतली तर दुसरा घेईल. समुद्री चिंबोरीबाबत ती मेलेली आहे हे खरे. पण जी मेली ती कालच्या मागणीने मेली, आणि आज आपण जी मागू ती उद्या मरेल. खाडीच्या चिंबोरीबाबत तर ही सबब मुळीच उभी राहत नाही, कारण ती आपल्यासमोर जिवंत असते. ओहोटीच्या वेळी कोळी बांधव आमिष लावलेले जाळे वर ओढतो किंवा बिळात लोखंडी आकडी घालून तिला बाहेर काढतो, त्या क्षणी ती सोडून देणे त्याला सहज शक्य असते. माशाला जाळ्यातून काढून सोडले तर बहुधा तो वाचत नाही. खेकडा चिवट असतो, वाचतो. तो सोडला जाईल की टोपलीत पडेल हे एकाच गोष्टीवर ठरते: बाजारात त्याला दर आहे की नाही. आणि दर ठरवणारे आपण आहोत.

तिसरी सबब अधिक नाजूक आहे: गरीब कोळिणीच्या पोटावर कशाला पाय द्यायचा? ही सबब ज्यांच्या तोंडून आम्ही ऐकली, त्यांना त्याच कोळिणीशी पाच रुपयांसाठी दहा मिनिटे घासाघीस करतानाही आम्ही पाहिले आहे. तिच्या पोटाची खरोखर काळजी असेल तर मार्ग सोपा आहे. नराला मादीइतकाच दर द्यावा. त्या दिवशी तिने जे सांगितले त्याचा अर्थ हाच होता. नर आणला तर गिऱ्हाईक पाडून मागते, म्हणून ती मादी आणते. शिवाय पुढच्या दहा वर्षांनी खाडी रिकामी झाली तर उपाशी कोण राहील? आपण तर फार्मवरची कोंबडी घेऊन घरी जाऊ. पाटी रिकामी राहील ती तिची. म्हणजे अंड्यांवरची मादी नाकारणे हे तिच्या पोटावर पाय देणे नसून तिच्या मुलांच्या पोटाची तरतूद करणे आहे.

चौथी सबब कायद्याची: बंदी नाही, मग पाप कसले? महाराष्ट्रात सागरी मासेमारी नियमनाचा कायदा १९८१ पासून आहे. पावसाळ्यात, १ जूनपासून, यांत्रिक नौकांना समुद्रात जाण्यास बंदी असते. २०२३ साली राज्य सरकारने ५४ जातींच्या सागरी जिवांसाठी किमान आकार ठरवून दिले, जेणेकरून पिल्ले पकडली जाऊ नयेत. ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु कायद्याचा हात फार तर बंदरापर्यंत पोहोचतो. अँटॉप हिलच्या पाटीवर कोणता अधिकारी झडपा उचलून पाहणार आहे? आणि आम्ही ख्रिस्ती लोकांनी कायद्याच्या कमीत कमी मर्यादेवर समाधान मानावे, असे प्रभूने कुठे शिकवले? त्याने तर एक मैल मागणाऱ्याबरोबर दोन मैल जाण्यास सांगितले.

परदेशी विक्रीच्या मालावर निसर्ग राखून पकडल्याची निळी मोहोर असते, ती पाहून घ्यावे, असे काही सुशिक्षित मंडळी सुचवतात. केरळातील अष्टमुडी सरोवरातल्या तिसऱ्यांना ती मोहोर २०१४ साली मिळाली, भारतात पहिल्यांदाच. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण आपल्या कोळिणीच्या पाटीला कोणी मोहोर लावणार नाही. तिथे आपले डोळेच मोहोर. आणि चिंबोरीबाबत देवाने आपले काम फार सोपे करून ठेवले आहे, कारण नर-मादी ओळखण्यासाठी शास्त्रज्ञ व्हावे लागत नाही. उताणी करावी. पोटावरची झडप अरुंद, टोकदार असेल तर नर. रुंद, गोलाकार, पोट झाकणारी असेल तर वयात आलेली मादी.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर डन्जनेस नावाच्या खेकड्याची मोठी मासेमारी चालते. तिथला नियम तीन शब्दांत सांगता येतो: नर, आकार, ऋतू. व्यापारी मासेमारीत फक्त नर ठेवायचे, तेही ठरावीक मापापेक्षा मोठे, आणि ठरलेल्या हंगामातच. माद्या आणि लहानगे तिथल्या तिथे पाण्यात परत. पिढ्यान्‌पिढ्या या नियमावर ती मासेमारी टिकून आहे. पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक उपसागरात उलटा अनुभव आला. तिथे खेकडे इतके घटले, की २००८ साली माद्या पकडण्यावर कडक बंधने घालावी लागली. त्यानंतर काही वर्षांत संख्या चांगली वाढली, पण पुढे ती पुन्हा खाली आली आणि २०२२ साली मोजणी सुरू झाल्यापासूनचा नीचांक दिसला. यावरून इतके शिकावे, की मादीला वाचवणे आवश्यक आहे, तरी ते एकटे पुरत नाही. पाणीही राखावे लागते. पण जे एकटे पुरत नाही ते करूच नये, असा त्याचा अर्थ होत नाही.

आता आमच्या खास प्रांताकडे येतो. पवित्र शास्त्राला चिंबोरीविषयी काही म्हणायचे आहे काय? आहे, आणि ते विलक्षण आहे. लेवीय ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात पाण्यातल्या ज्या प्राण्यांना पर आणि खवले नाहीत ते इस्राएल लोकांना निषिद्ध ठरवले आहेत. म्हणजे मोशेच्या नियमाप्रमाणे चिंबोरी खाणेच वर्ज्य. पुढे प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायात यापो येथे पेत्राला दृष्टान्त झाला, आकाशातून चादर उतरली आणि अन्नातल्या शुद्ध-अशुद्धतेची भिंत पडली. त्या दिवसापासून आपल्याला चिंबोरी मोकळी झाली. आपण या स्वातंत्र्याचा उपभोग मनापासून घेत आलो आहोत.

पण त्याच मोशेच्या नियमशास्त्रात दुसरीही एक आज्ञा आहे. अनुवाद ग्रंथाचा बाविसावा अध्याय उघडून पाहावा. वाटेत पक्ष्याचे घरटे सापडले आणि आई अंड्यांवर वा पिल्लांवर बसलेली असली, तर आईला पिल्लांसकट उचलू नये, तिला जाऊ द्यावे, असे तिथे बजावले आहे. आणि ही लहानशी आज्ञा पाळणाऱ्याला कल्याणाचे व दीर्घ आयुष्याचे वचन दिले आहे. असेच वचन आईवडिलांचा मान राखणाऱ्यालाही दिलेले आहे. इतकी क्षुल्लक वाटणारी आज्ञा आणि इतके मोठे वचन! आम्ही विचारतो: पेत्राच्या चादरीने आपल्याला चिंबोरी खाण्याची मोकळीक दिली, तेव्हा अंड्यांवर बसलेल्या आईविषयीची दयासुद्धा रद्द केली काय? विधी संपले; दया कधीच संपलेली नाही. पक्षीण निदान अंडी सोडून उडून जाऊ शकते. चिंबोरीला ती सोयही नाही. तिने आपले घरटे पोटालाच बांधलेले आहे.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली पृथ्वीच्या जपणुकीवर परिपत्रक काढले. वस्तू विकत घेणाराही आपल्या निवडीने व्यापाराची दिशा बदलू शकतो, म्हणून खरेदीकडे निव्वळ व्यवहार म्हणून पाहता येत नाही, हा त्यांच्या आधीच्या पोपमहोदयांनी मांडलेला विचार त्यांनी तिथे पुन्हा ठळक केला. त्या परिपत्रकावर आपल्या देवळांतून प्रवचने झाली, झाडे लावली गेली, फलक रंगवले गेले. पण ते आपल्या मासळीच्या पिशवीपर्यंत पोहोचले का? आमच्या तरी पोहोचले नव्हते, हे वर कबूल केलेच आहे.

आणि मग शुक्रवार. उपवासकाळातील शुक्रवारी आपण मांस वर्ज्य करतो ते कशासाठी? प्रभूच्या दुःखसहनात अल्पसा भाग घ्यावा, जिभेला लगाम घालावा, वाचलेले गरिबाला द्यावे, यासाठी. मटणाऐवजी त्याहून महाग लाखेची चिंबोरी आणून, तिचा रस्सा दोनदा वाढून घेऊन आपण नियमाचे अक्षर पाळतो आणि आत्मा हरवतो. ज्या दिवशी संयम पाळायचा त्याच दिवशी बाजारात चिंबोरीची मागणी चढते, ही आपल्या धार्मिकतेची थट्टा आहे. कोळीण मनात हसत असेल तर तिला दोष देता येणार नाही.

तर मग करावे काय? चिंबोरी सोडा, असे आम्ही म्हणत नाही. ती सोडली तर कोळीणही सुटेल, आणि तो आमचा हेतू नाही. आम्ही इतकेच म्हणतो:

मादी घेऊ नये, अंड्यांवरची तर कोणत्याही दराने घेऊ नये. नर मागावा. त्याच्या नांग्या मोठ्या असतात आणि मांसही त्यांतच भरपूर असते. नराला दर पाडून मागू नये. जिची पाठ आपल्या तळहाताच्या रुंदीत मावते, ती अजून पोर आहे. ती वाट्यात स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. भरलेली चिंबोरी मागण्याची आपल्या आजीबाईंची रीत चांगली आहे, कारण तीमुळे कात टाकलेली, पाणचट चिंबोरी सुटते. पाय दाबून पाहावा, कवच कठीण लागले की झाले. पण 'भरलेली' म्हणजे मांसाने भरलेली, लाखेने नव्हे, हा फरक घरातल्या मुलींना आणि मुलग्यांनाही शिकवावा.

पहिल्या पावसात गावाकडून जे मुठे येतात, त्यांच्याबाबत विशेष जपावे. शेतातल्या आणि ओढ्यातल्या या खेकड्यांची मादी पिल्ले समुद्रात सोडत नाही. अंड्यांतून थेट लहान लहान खेकडेच बाहेर येतात आणि काही काळ आईच्या झडपेखाली बिलगून राहतात. पावसाळी सहलीला गेलेली आपली तरुण मुले रात्री बॅटरी घेऊन असे खेकडे पोत्याने गोळा करून आणतात आणि त्याचे कौतुकही होते. त्या पोत्यात किती आया होत्या, हे यंदा कोणीतरी मोजावे.

खाडीत जाळी बांधून चिंबोऱ्या वाढवण्याचे प्रयोग आपल्या सिंधुदुर्गात राज्याच्या कांदळवन विभागाच्या मदतीने झाले आहेत. तमिळनाडूतल्या सरकारी केंद्रात अंड्यांपासून पिल्ले तयार करतात. असा माल मिळाला तर जरूर घ्यावा. पण त्यासाठी पिल्ले खाडीतूनच ओरबाडून आणली असतील, तर त्यात काही मिळवले असे होत नाही. म्हणून विचारून घ्यावे. विचारण्याने कोणाचे काही बिघडत नाही. उलट दहा गिऱ्हाइकांनी विचारले, की अकराव्याला उत्तर तयार असते.

शेवटी आमच्या स्वतःच्या अंगणातली गोष्ट. धर्मग्रामाच्या वार्षिक सणाला आपल्या आवारात खाद्यपदार्थांचे स्टॉल लागतात. गेल्या खेपेस चिंबोरीच्या स्टॉलवर सर्वांत मोठी रांग होती. त्याच्या मागच्या बाजूस कवचांचा ढीग पडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडलोट करताना आम्ही तो पाहिला. त्यातील बहुतेक झडपा रुंद होत्या आणि कित्येक कवचे आमच्या अर्ध्या तळहाताएवढीही नव्हती. त्या पैशातून आपण गरीब मुलांच्या फीची सोय केली, हे खरे. पण एकाच्या मुलाची फी दुसऱ्याच्या मुलांच्या उद्याच्या भाकरीतून भरली, हेही तितकेच खरे. यंदाच्या सणाला त्या स्टॉलवर फक्त मोठे नर असतील, नाहीतर स्टॉल नसेल. मंडळाच्या काही सभासदांना हे पटलेले नाही. जमा कमी होईल, असे ते म्हणतात. कदाचित होईल. ती तूट भरून काढण्यासाठी आम्ही त्यांच्याबरोबर घरोघर फिरायला तयार आहोत.

संत फ्रान्सिस झेवियर यांच्याविषयी एक कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. १५४६ च्या सुमारास मोलुक्का बेटांच्या समुद्रात वादळ उठले असता त्यांनी आपला क्रूस पाण्यात बुडवला, तो हातून सुटला आणि दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर एका खेकड्याने तो नांग्यांत धरून परत आणून दिला. पाठीवर क्रुसाची खूण असलेला एक खेकडा आपल्याही समुद्रात आहे. मासळी बाजारात तो इतर खेकड्यांच्या ढिगात दिसतो, आणि त्या कथेमुळेच त्याच्या पाठीला क्रुसाची खूण मिळाली असे भाविक मानतात. कथा अक्षरशः खरी किती, याचा वाद विद्वानांनी घालावा. आम्हाला त्यातले एवढेच पुरेसे वाटते, की संताचा हरवलेला क्रूस समुद्राने प्रामाणिकपणे परत केला. आपण त्या समुद्राला काय परत करतो?

पुढच्या शुक्रवारी आम्ही त्याच पाटीपुढे थांबणार आहोत. मावशींना नर आणायला सांगितले आहे, आणि मादीच्या दराने घेऊ असा शब्द दिला आहे. धर्मग्रामातील आणखी चार पिशव्या आमच्या मागे उभ्या राहिल्या, तर तो शब्द खरा ठरेल. नाहीतर मावशी पुन्हा लाखेच्याच आणतील, आणि त्यांचे काही चुकले असे आम्हाला म्हणता येणार नाही.